शीघ्ररेखाटनातील स्फूर्तीचा प्रश्न

१

मानवाकृतीचे शीघ्ररेखाटन हा चित्रकलेतील सर्वांत कमी प्रतिष्ठा लाभलेला प्रकार होय. एका मिनिटापासून पाच-दहा मिनिटांपर्यंतच्या अवधीत, पेन्सिल, कोळसा, बोरू अथवा कुंचला ह्यांपैकी जे हाती असेल त्याने, समोरच्या किंवा आठवणीतल्या माणसाची आकृती कागदावर उतरवावयाची, एवढाच त्याचा व्याप. रंग नाही, पार्श्वभूमी नाही, दुरुस्तीस सवड नाही. चित्रशाळांतील विद्यार्थी ज्याला सरसकट ‘स्केच’ म्हणतात, त्याचाच हा एक भाग. मोठ्या चित्रकारांच्या वह्यांत अशी रेखाटने शेकड्यांनी सापडतात. परंतु समीक्षेत त्यांच्या वाट्याला बहुधा दोनच विशेषणे येतात : ‘उत्स्फूर्त’ आणि ‘ओघवते’.

ह्या दोन विशेषणांच्या मागे परस्परविरोधी अशा दोन समजुती उभ्या आहेत. पहिली अशी, की शीघ्ररेखाटन म्हणजे गायकाने पहाटे घोटलेला पलटा. तो बैठकीत ऐकावयाचा नसतो आणि त्याचे परीक्षणही करावयाचे नसते. दुसरी समजूत नेमकी उलट : शीघ्ररेखाटनात कलावंताची स्फूर्ती निर्भेळ स्वरूपात प्रकट होते, विचाराने ती अजून डागाळलेली नसते, म्हणून तिची चिकित्सा करणे अरसिकपणाचे ठरते. एक समजूत रेखाटनाला कलेच्या खाली ठेवते, दुसरी टीकेच्या वर. परिणाम मात्र एकच होतो. रेखाटन चांगले का आणि वाईट का, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

हा प्रश्न विचारावयाचा तर आधी ‘स्फूर्ती’ ह्या शब्दाचा अर्थ ठरविला पाहिजे. कोऱ्या कागदापुढे बसलेला विद्यार्थी ‘काही सुचत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय सुचावयास हवे असते? माणसे तर चहूकडे आहेत. विषयाची टंचाई मुळीच नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे आहे, की शीघ्ररेखाटनाची स्फूर्ती ही विषयाची स्फूर्ती नसून क्रियेची स्फूर्ती असते. अधिक काटेकोरपणे सांगावयाचे तर, एका देहाचे जमिनीशी, वजनाशी आणि दुसऱ्या देहाशी त्या क्षणी जे नाते असते ते ध्यानात येणे, हीच ती स्फूर्ती. ती रेखाटनाच्या आधी येत नाही. पाहण्याच्या व्यापारातच ती घडते. म्हणूनच ती कमावता येते आणि तिची परीक्षाही करता येते.

२

आपल्या साहित्यशास्त्रात ह्या प्रश्नाची चर्चा काव्याच्या संदर्भात पूर्वीच होऊन गेली आहे. मम्मटाने काव्याच्या उत्पत्तीला शक्ती, निपुणता आणि अभ्यास ह्या तीन गोष्टी सांगितल्या. पण त्या सांगताना ‘हेतू’ हा शब्द एकवचनी वापरला आणि तसे का, ह्याचाही वृत्तीत खुलासा केला. हे तीन वेगवेगळे हेतू नव्हेत, तिन्ही मिळून एकच हेतू, असा त्याचा आग्रह आहे. जगन्नाथ पंडिताने उलट केवळ प्रतिभेलाच काव्याचे कारण मानले. परंतु त्या प्रतिभेचे मूळ शोधताना, ती कोणाच्या ठिकाणी दैवी प्रसादाने, तर कोणाच्या ठिकाणी व्युत्पत्ती व अभ्यास ह्यांमधून उत्पन्न होते, असे त्यालाही म्हणावे लागले. म्हणजे प्रतिभेचा कट्टर पुरस्कर्ताही तिला अभ्यासाचे अपत्य होऊ देण्यास तयार आहे.

शीघ्ररेखाटनाला काव्यातील जवळचे उदाहरण शोधावयाचे झाल्यास ते शीघ्रकवित्वाचे होय. समस्यापूर्तीत कवीला एक चरण दिला जातो आणि उरलेले चरण त्याने तत्काळ रचून अर्थ पुरा करावयाचा असतो. येथे विषय कवीने निवडलेला नसतो, वेळही त्याच्या हातात नसते. तरीही पूर्ती रसपूर्ण होते, कारण दिलेल्या चरणातील अडचण हीच कवीच्या बुद्धीला चालना देते. रेखाटन करणाऱ्याच्या दृष्टीने समोरच्या देहाची अवस्था ही अशीच एक समस्या असते. बाकावर एका अंगाने रेललेला म्हातारा, कडेवर मूल घेऊन रांगेत उभी असलेली स्त्री, हातगाडी ढकलणारा हमाल : ह्यांपैकी प्रत्येकाने आपला तोल कसा सांभाळला आहे, हे कोडे असते आणि रेषा हे त्याचे उत्तर. कोडे दिसले नाही तर उत्तरही सुचत नाही. ‘सुचत नाही’ ह्या तक्रारीचा अर्थ बहुतेक वेळा ‘दिसले नाही’ असाच असतो.

समस्यापूर्तीशी असलेले हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. कवीला मिळालेला चरण स्थिर असतो; चित्रकारासमोरचा देह हलत असतो. म्हणून चित्रकाराला समस्या ओळखणे आणि ती सोडविणे ही दोन्ही कामे जवळजवळ एकाच वेळी करावी लागतात. शीघ्ररेखाटनाचे वैशिष्ट्य ह्या एककालिकतेत आहे. केवळ वेगात नाही.

३

चित्रकाराने स्फूर्ती कोठे शोधावी, ह्याविषयी युरोपीय परंपरेत वारंवार उल्लेखिला जाणारा उपदेश लिओनार्दो दा विंचीचा आहे. त्याच्या टिपणांवरून त्याचा शिष्य फ्रांचेस्को मेल्झी ह्याने चित्रकलेवरील जो ग्रंथ सिद्ध केला, तो पुढे १६५१ मध्ये पॅरिस येथे प्रथम छापला गेला. त्या टिपणांत ह्या विषयासंबंधी दोन सूचना आढळतात. पहिली प्रसिद्ध आहे : डाग पडलेल्या भिंतींकडे किंवा नाना रंगांच्या दगडांकडे पाहावे, म्हणजे त्यांत डोंगर, नद्या, लढाया, धावत्या आकृती दिसू लागतात. दुसरी सूचना तितकी प्रसिद्ध नाही. चित्रकाराने रंग दिलेल्या कागदांची एक लहानशी वही सदैव जवळ बाळगावी. रस्त्यात माणसे बोलताना, भांडताना, हसताना, हातघाईवर येताना दिसली, की त्यांचे आविर्भाव आणि भोवतीच्या बघ्यांचेही आविर्भाव थोडक्या रेषांनी टिपून घ्यावेत. ते पुसू नयेत, वही भरली की नवी घ्यावी. कारण देहाच्या अवस्था अगणित आहेत आणि स्मरणशक्तीला त्या पेलत नाहीत.

ह्या दोन सूचना सहसा एकाच हाताने वाटलेला प्रसाद म्हणून वाचल्या जातात. वस्तुतः त्यांची दिशा भिन्न आहे. भिंतीवरील डागांत मन आपलेच साठविलेले काही तरी बाहेर टाकते; तेथे नियंत्रण कल्पनेचे असते. वहीत मात्र मनाला आपला साठा बाजूस ठेवून, समोर जे घडत आहे त्याला शरण जावे लागते. पहिल्या व्यापारात काहीही चुकत नाही, कारण डाग कोणत्याही आकृतीला नाही म्हणत नाही. दुसऱ्यात चूक संभवते. भांडणाऱ्याचा पाय जेथे रोवला आहे तेथे तो रेखाटनात रोवला गेला नाही, तर भांडण कोसळते. समीक्षेला आधार मिळतो तो ह्या चुकण्याच्या शक्यतेत. जेथे चूक असू शकत नाही तेथे यशालाही अर्थ नसतो.

लिओनार्दोच्या दुसऱ्या सूचनेतील आणखी एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. तो माणसे टिपावयास सांगत नाही; भांडणे, हसणे, बोलणे टिपावयास सांगतो. आणि भांडणाऱ्याइतकेच महत्त्व भोवतीच्या बघ्यांना देतो. म्हणजे एका देहाची क्रिया दुसऱ्या देहांत कशी उमटते, हेही त्याला वहीत हवे आहे.

४

क्रियेने झपाटलेल्या आधुनिक कलावंतांत ओग्यूस्त रोदँ ह्या फ्रेंच शिल्पकाराचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. उतारवयात त्याने रेखाटनाची एक निराळी रीत अंगीकारली. नमुना म्हणून आलेल्या व्यक्तीला ठरावीक ढब देऊन तो बसवीत नसे. तिला चित्रशाळेत मोकळेपणी वावरू देई आणि तिच्यावरची नजर न काढता, कागदाकडे न पाहता, पेन्सिल चालवीत राही. नंतर अशा रेखाटनांवर जलरंगाचा पातळ हात फिरविला जाई. १९०६ मध्ये कंबोडियाचा राजा सिसोवाथ ह्याच्यासमवेत राजदरबारातील नर्तकी फ्रान्समध्ये आल्या. पॅरिसमध्ये त्यांचे नृत्य पाहून रोदँ इतका भारावला, की त्यांच्या पाठोपाठ तो मार्सेयला गेला. ह्या काही दिवसांतून सुमारे दीडशे रेखाटने निर्माण झाली.

स्फूर्तीच्या प्रचलित कल्पनेला ह्याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण. विलक्षण विषय अचानक समोर येतो, कलावंत भारावतो, चित्रे झरतात. परंतु रेखाटनांकडे पाहिले असता ही कथा अपुरी वाटू लागते. त्यांत राजवैभव नाही, अलंकारांचा तपशील नाही, चेहऱ्यालाही गौण स्थान आहे. लक्ष खिळले आहे ते बाहू, मनगट आणि मागे वळलेली बोटे ह्यांवर. रोदँ हा आयुष्यभर हातांची शिल्पे घडविणारा कलावंत होता; नर्तकींमध्ये त्याला सापडले ते त्याने वर्षानुवर्षे विचारलेल्या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर. स्फूर्ती बाहेरून आली हे खरे. पण ती घेणारा डोळा आधी तयार होता. मम्मटाचे एकवचन येथे पडताळून पाहता येते.

ह्याच प्रसंगात रोदँच्या पद्धतीची मर्यादाही दिसते. कंबोडियातील दरबारी नृत्य हे संकेतबद्ध नृत्य आहे. त्यातील हस्तमुद्रांना निश्चित स्थान व अर्थ असतो. ते व्याकरण रोदँला अवगत नव्हते. शिवाय त्या वर्षी मार्सेय येथे भरलेले प्रदर्शन वसाहतींचे प्रदर्शन होते, आणि नर्तकींना पाहणाऱ्या युरोपीय नजरेत नवलाचा अंश मोठा होता. रोदँची रेखाटने त्या नवलाच्या वर उठतात; परंतु त्यांत मुद्रेचा डौल आहे, मुद्रेचे वाक्य नाही. बाहू कोठून निघाला आणि कोठे वळला हे कळते. तो काय म्हणाला हे कळत नाही. हा दोष म्हणून सांगावयाचा नाही. केवळ पाहण्यातून मिळणारी स्फूर्ती कोठपर्यंत पोचते, ह्याचे ते माप आहे.

५

ह्या मर्यादेच्या पलीकडे जाण्याचा मार्ग भारतीय परंपरेने फार पूर्वी सुचविला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडात मार्कंडेय आणि राजा वज्र ह्यांचा संवाद आहे. वज्राला प्रतिमानिर्मितीचे ज्ञान हवे असते. मार्कंडेय त्याला सांगतो, की चित्रसूत्र जाणल्याखेरीज प्रतिमालक्षण कळत नाही, नृत्त जाणल्याखेरीज चित्रसूत्र कळत नाही, वाद्याखेरीज नृत्त नाही आणि गीताखेरीज वाद्य नाही. हा संवाद बहुधा कलांच्या परस्परसंबंधाचे एक रम्य रूपक म्हणून सांगितला जातो. पण ग्रंथ पुढे जे सांगतो त्यावरून त्याचा व्यावहारिक अर्थही स्पष्ट होतो. दृष्टी, भाव, अंगे, उपांगे आणि हस्त ही जशी नृत्तात तशीच चित्रात जाणावीत, असा निर्देश तेथे आहे. देहाच्या ऋज्वागत, पार्श्वागत, पृष्ठागत, परावृत्त, समानत आदी नऊ स्थानांची चर्चा आहे आणि देह वळला असता कोणता भाग आखूड व कोणता मोठा दिसतो, ह्या क्षय-वृद्धीचा विचार आहे. लाटा, ज्वाला, धूर आणि पताका वाऱ्याच्या गतीने काढू शकणारा, तसेच निजलेल्या माणसात चेतना आणि मृतात तिचा अभाव दाखवू शकणारा, तो खरा चित्रज्ञ, अशी कसोटीही तेथे सांगितली आहे.

निजलेला आणि मृत ह्यांच्यातील भेद दाखविण्याची ही कसोटी शीघ्ररेखाटनाला तंतोतंत लागू पडते. दोन्ही देह निश्चल आहेत. बाह्यरेषा जवळजवळ सारखीच. फरक आहे तो वजनाचा. निजलेला देह स्वतःला थोडासा तरी धरून असतो. मृत देह जमिनीच्या स्वाधीन झालेला असतो. हा फरक डोळ्यांनी जितका कळतो तितकाच तो पाहणाऱ्याला स्वतःच्या देहाने कळतो. नृत्त जाणल्याखेरीज चित्र कळत नाही, ह्या विधानाचा आशय हाच असावा : दुसऱ्याच्या देहातील तोल ओळखावयाचा तर तो आपल्या देहात कोठे तरी अनुभवलेला असला पाहिजे.

मुंबईच्या कलाजीवनात ह्या विचाराचा एक प्रत्यक्ष दाखला आहे. कट्टिंगेरी कृष्ण हेब्बर (१९११-१९९६) हे मूळचे उडुपी परिसरातील, सर जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे तेथेच काही वर्षे ते अध्यापक होते. आपल्या रेषेला लय यावी म्हणून त्यांनी पंडित सुंदरप्रसाद ह्यांच्याकडे कथक नृत्याचे शिक्षण घेतले. ‘द सिंगिंग लाइन’ ह्या नावाने संग्रहित झालेल्या त्यांच्या रेखाटनांत नर्तक आणि वादक ह्यांच्या आकृती प्रवाही, जेमतेम तुटणाऱ्या रेषेत उतरल्या आहेत. त्यांची आणि रोदँच्या नर्तकींची तुलना उद्बोधक ठरते. रोदँची रेषा देहाच्या कडेवरून धावते. ती पाहणाऱ्याची रेषा आहे. हेब्बरांची रेषा पुष्कळदा देहाच्या आतून, पाठीच्या कण्यापासून निघून टाचेपर्यंत जाते. ती करणाऱ्याची रेषा आहे. सम कोठे पडणार हे ठाऊक असलेल्या माणसाने ती ओढली आहे. तिचा धोका निराळा : तोल अंगवळणी पडला की रेषा स्वतःच्याच लयीवर लुब्ध होते आणि प्रत्येक नर्तक एकाच नर्तकासारखा दिसू लागतो. हेब्बरांची काही रेखाटने ह्या धोक्याच्या सीमेवर उभी आहेत. परंतु ज्ञान देहात मुरले म्हणजे स्फूर्ती विषयाच्या नवलाईवर अवलंबून राहात नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

६

येथपर्यंतची उदाहरणे नृत्याची आहेत. नृत्यातील क्रिया आधीच लयबद्ध असल्यामुळे, रेखाटनाचे निम्मे काम नर्तकाने केलेले असते, असा आक्षेप घेता येईल. म्हणून सिद्धांताची खरी परीक्षा लयशून्य, अडखळत्या क्रियेवर झाली पाहिजे. रेम्ब्रांटचे १६५६ च्या सुमाराचे एक रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे : मूल चालावयास शिकत आहे. तपकिरी शाईतील थोड्याशा रेषा, एवढेच त्याचे साहित्य. डेव्हिड हॉकनी ह्या इंग्लिश चित्रकाराने ह्या रेखाटनाची वारंवार आणि मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. चालावयास शिकणाऱ्या मुलाचा विषय रेम्ब्रांटने त्यापूर्वीही, सुमारे वीस वर्षांआधी, लाल खडूने हाताळला होता. त्या लहान रेखाटनात एक वृद्ध आणि एक तरुण अशा दोन स्त्रिया मुलाला आधार देत आहेत.

१६५६ च्या सुमाराच्या रेखाटनात आई आणि मोठी मुलगी मुलाला दोन बाजूंनी धरून आहेत. समोर एक पुरुष, बहुधा बाप, उकिडवा बसून हात पुढे करीत आहे. मागून एक गवळण दुधाची बादली घेऊन चालली आहे. विषय असा, की कोणत्याही घरात, कोणत्याही दिवशी दिसावा. मग ह्या कागदात विशेष ते काय? विशेष हे, की त्यातील एकही देह एकटा नाही. आईची पकड घट्ट आहे, मुलीची थोडी साशंक. बापाचे बसणे हे मुलाच्या उंचीला उतरणे आहे. आणि गवळण, जिचा ह्या प्रसंगाशी वरकरणी काहीही संबंध नाही, ती चित्रात एका मोलाच्या कामासाठी आली आहे. तिच्या ताणलेल्या हातावरून बादली भरलेली आहे हे कळते. भरल्या बादलीचे वजन सहज पेलीत चालणारी बाई आणि स्वतःचे वजन पेलावयास अजून न शिकलेले मूल, अशी ही जोडी आहे. चालणे म्हणजे वजन सांभाळणे, हे ह्या रेखाटनाने एका शब्दाविना सांगितले आहे.

हे रेखाटन प्रसंग समोर घडत असताना झाले, की घरी परतल्यावर, ह्या प्रश्नाने निर्णयात फरक पडत नाही. दोन्ही परिस्थितींत चित्रकाराला जे सुचले ते ‘मूल’ नव्हे, ‘घर’ नव्हे, ‘वात्सल्य’ही नव्हे, त्याला सुचले ते आधार देणे आणि तोल धरणे. संज्ञा मागाहून आल्या, क्रियापद आधी आले. वात्सल्याचे चित्र काढावयास बसलेला चित्रकार चेहऱ्यांवर हसू पसरवील. आधार देण्याचे चित्र काढणाऱ्याच्या हातून वात्सल्य न मागता उतरते. शीघ्ररेखाटनातील भाव हा नेहमी असा क्रियेच्या पोटी जन्मलेला असतो. वेळ थोडा असल्यामुळे भावाला स्वतंत्रपणे रंगविण्याची सोयच नसते; आणि ही गैरसोय रेखाटनाच्या पथ्यावर पडते.

७

ह्या विवेचनाचा कलाशिक्षणाशी निकटचा संबंध आहे. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टूडंट्स लीगमधील अध्यापक किमोन निकोलाइडीझ ह्यांचा रेखाटनावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याने वस्तू कशी दिसते हे न काढता ती काय करीत आहे हे काढावे, अशी त्यांची शिकवण होती. आणि त्यासाठी मिनिटभराच्या किंवा त्याहूनही थोड्या अवधीच्या ढबींचा सराव ते करून घेत. ही शिकवण आज जगभर रुजली आहे, आणि क्रियेविषयीच्या प्रस्तुत प्रतिपादनाला ती अनुकूलच आहे. मात्र तिचेही कर्मकांड होऊ शकते. क्रिया म्हणजे घाईने फिरविलेला रेषांचा गुंता, असा समज करून घेतल्यास वही भरते आणि नजर रिकामी राहते. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाचे भार वाहणाऱ्या बाजूचे नितंब वर जाते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो, आणि मानेच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार वाहणाऱ्या पावलाशी येऊन ठेपतो. हे ज्याने पाहिले आहे त्याच्या चार रेषाही उभ्या राहतात. ज्याने पाहिले नाही त्याच्या चाळीस रेषा डुलत राहतात.

आपल्याकडील परिस्थितीला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी स्मरणचित्रे काढली आहेत. बाजार, बसथांबा, पाणवठा असे प्रसंग आणि त्यांत काही मानवाकृती, असा त्यांचा साचा. ह्या प्रश्नामागील हेतू उत्तम आहे. पाहिलेले आठवून काढावे हीच त्याची अपेक्षा. परंतु व्यवहारात घडते ते पुष्कळदा उलटे. विद्यार्थी तीन-चार तयार आकृती पाठ करतो : एक बाजूने चालणारी, एक पाठमोरी, एक बसलेली. मग प्रसंग कोणताही असो, त्याच आकृती कपडे बदलून येतात. स्मरण असते, पण ते माणसांचे नसते, आकृतींचे असते. पुढे कलाशाळेत गेल्यावर हाच विद्यार्थी रेल्वेस्थानकावर वही घेऊन बसतो आणि ‘सुचत नाही’ म्हणतो, तेव्हा त्याची अडचण स्फूर्तीच्या अभावाची नसून पाठांतराच्या विपुलतेची असते.

आज ह्या अडचणीवर उपाय म्हणून पडद्यावरील छायाचित्रांचा आश्रय घेतला जातो. ठरावीक सेकंदांनी बदलणाऱ्या ढबींची हजारो छायाचित्रे भ्रमणध्वनीवर सहज मिळतात. सरावाला त्यांचा उपयोग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र छायाचित्रात निवड दुसऱ्याने आधीच केलेली असते. पॉल ग्सेलशी झालेल्या आणि १९११ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संभाषणांत रोदँने असे प्रतिपादन केले होते, की गतीच्या बाबतीत छायाचित्र खोटे बोलते आणि कलावंत खरे; कारण प्रत्यक्षात काळ थांबत नाही. त्याच्या ‘सेंट जॉन’ ह्या चालत्या पुतळ्याची दोन्ही पावले जमिनीवर टेकलेली आहेत. क्षणचित्र म्हणून हे चुकीचे. चालणे म्हणून बरोबर, कारण मागच्या पावलाचा भूतकाळ आणि पुढच्या पावलाचा भविष्यकाळ एकाच देहात सामावला आहे. जिवंत माणसासमोर बसलेल्याला ह्या दोन काळांतून आपली रेषा निवडावी लागते. छायाचित्रापुढे बसलेल्याची ही निवड हुकते, आणि निवडीबरोबर स्फूर्तीही हुकते.

८

शेवटी एका सैद्धांतिक प्रश्नाचा निर्देश करणे आवश्यक आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथात कलाकृतीच्या घटनेचे तत्त्व लयीत पाहिले आणि संवाद, विरोध व समतोल ही तिची अंगे मानली. चित्रात ही लय रेषा, आकार आणि रंग ह्यांच्या संवेदनांमध्ये असते. चित्रातील वस्तूंचा लौकिक अर्थ तिच्या बाहेरचा. ही भूमिका स्वीकारल्यास रेम्ब्रांटच्या रेखाटनातील रेषांचा समतोल तेवढा सौंदर्याच्या कक्षेत येईल आणि मूल चालावयास शिकत आहे, ही गोष्ट कक्षेबाहेर राहील.

परंतु शीघ्ररेखाटनात ही वाटणी करता येत नाही, असे दिसून येते. गवळणीच्या हाताची रेषा ताणलेली आहे, हे विधान रेषेविषयी की हाताविषयी? ती रेषा कागदावर निव्वळ रेषा म्हणून पाहिली तर तिच्यात ताण नाही; ती फक्त जवळजवळ सरळ आहे. ताण येतो तो तिच्या खाली बादली आहे, बादलीत वजन आहे आणि वजन पेलणारा देह कसा असतो हे पाहणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणून. म्हणजे ज्याला समतोल लय म्हणावयाचे, ती येथे देहाच्या तोलातूनच निर्माण होते. लौकिक अर्थ काढून घेतला तर लयही निघून जाते. मर्ढेकरांचा सिद्धांत संगीताच्या बाबतीत जितका सहज लागू पडतो तितका तो मानवाकृतीच्या रेखाटनाला पडत नाही. मात्र त्यांचा मूळ आग्रह येथेही उपकारक ठरतो : केवळ विषयाच्या हृद्यतेने रेखाटन हृद्य होत नाही, रचनेच्या संबंधांनी होते. दुरुस्ती करावयाची ती एवढीच, की मानवाकृतीत हे संबंध रेषारेषांमधले असतात त्याच वेळी देहादेहांमधलेही असतात.

असे पाहिले म्हणजे शीघ्ररेखाटनाची परीक्षा कशी करावी, ह्याचे उत्तर मिळते. ते किती वेळात झाले, हा प्रश्न गैरलागू आहे. वेग हा गुण नव्हे, अट आहे. विचारावयाचे प्रश्न तीन. देह काय करीत आहे? त्याचा भार कोठे आहे? आणि तो कशाच्या किंवा कोणाच्या संबंधात ते करीत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारे रेखाटन सजीव असते, दुसऱ्याचेही देणारे खरे असते, आणि तिन्हींचे देणारे कलाकृतीच्या पदवीला पोचते. जे गाळले गेले त्याचाही निवाडा ह्याच प्रश्नांनी होतो. चेहरा गाळला हे धाडस नव्हे. चेहरा नसताना क्रिया पुरी झाली की नाही, हे पाहावयाचे.

हेच प्रश्न कोऱ्या कागदापुढे बसलेल्याच्याही उपयोगाचे आहेत. जो टीकेला न्याय करावयास उपयोगी पडतो, तोच प्रश्न निर्मितीलाही चालना देतो, ही गोष्ट कलाव्यवहारात दुर्मिळ आहे. शीघ्ररेखाटनात ती घडते, कारण तेथे पाहणे आणि निर्मिणे ह्यांमध्ये फारसे अंतर उरलेले नसते. स्फूर्तीची वाट पाहात बसलेल्याला रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस सारखाच दिसतो. त्याच्या खांद्यावरचे ओझे किती असेल, असे ज्याने एकदा मनात विचारले, त्याची पेन्सिल तोपर्यंत कागदावर टेकलेली असते.